लिफ्ट आठव्या मिनिटाला थांबते

१६ जानेवारी, गुरुवार

सरांनी प्रयोगाची वही ठेवायला सांगितली आहे. तारीख, वेळ, कोण आलं, काय बिघडलं. ती ठेवली आहे. ही दुसरी. हिच्यात जे बिघडेल ते सरांना दाखवायचं नाही.

आज टोपी स्वतःच्याच डोक्यावर चढवली. मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या बत्तीस तारा, प्रत्येकीखाली थंडगार जेल. आमच्या तंत्रज्ञाला चाचणीसाठी एक रेकॉर्डिंग हवं होतं आणि डोकं द्यायला दुसरं कुणी रिकामं नव्हतं. या तंत्रज्ञाला मी मनात यंत्रोबा म्हणते, कारण माणसांशी बोलताना तो जमिनीकडे बघतो आणि यंत्राशी बोलताना चक्क हसतो. काचेपलीकडून म्हणाला, "वीस मिनिटं हलू नका. कसला विचारही करू नका." कसलाही विचार न करताच मी पीएच.डी.च्या पाचव्या वर्षापर्यंत आले आहे, त्यामुळे ते जमलं.

समोर स्क्रीनवर निळा खांब. मेंदू शांत आणि सावध असला की एक ठरावीक लहर वाढते आणि खांब वर चढतो. नाहीतर खाली. आठव्या मिनिटाला कोटाच्या खिशात फोन थरथरला. खांब धपकन तळाला. आईचा फोन असणार हे न बघताच कळलं. उचलला नाही. थरथर थांबली, मग बराच वेळ खांब उठेना, मग हळूहळू चढला.

लॅबच्या बेसिनमध्ये केस धुतले. संध्याकाळी आईला फोन केला तर म्हणाली, "असू दे गं, कामात असशील. आता मी नाही करत मधेअधे, तूच करत जा सवडीनं." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आज मला चाळीस वर्षं पूर्ण झाली. लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर केक आणावा लागला असता, तोही मलाच.

३ फेब्रुवारी, सोमवार

एकदाचा प्रयोग सुरू झाला. विसरायला लागलेली बावीस माणसं. अजून आजारी म्हणावीत अशी नाहीत, पण गॅस बंद केला का हे तीनदा बघणारी. प्रत्येकाने बारा आठवडे, आठवड्यातून दोनदा टोपी घालून खांब वर चढवायचा. कसा, ते सांगायचं नाही, ज्याचं त्याने शोधायचं. मेंदूला आपलीच लहर आरशासारखी दाखवली तर तो ती सुधारतो का आणि त्याने स्मरणशक्ती सावरते का, एवढाच माझा प्रश्न. पाच वर्षं लागली तो विचारायला.

मेख अशी की अकरा जणांनाच स्वतःच्या मेंदूचा खांब दिसणार. उरलेल्या अकरांना दुसऱ्याच कुणाच्या जुन्या रेकॉर्डिंगचा, दर वेळी वेगळ्या माणसाचा. खोटा खांब. कुणाला खरा आणि कुणाला खोटा, हे त्यांनाही ठाऊक नाही, मलाही नाही. ती यादी यंत्रोबाच्या कुलपात. मला कळलं तर माझ्या वागण्यातून त्यांना कळेल, म्हणून.

क्रमांक अकरा साडेदहाला आले. वय बहात्तर, चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. लेक फाटकापर्यंत सोडून गेली. टोपी बघून म्हणाले, "बाई, आजवर पुष्कळांनी टोपी घातली मला. पण अशी आधी सही घेऊन कुणी घातली नव्हती." मी हसले. यंत्रोबा काचेमागे हसला नाही.

त्यांच्या खिशात एक लांबोडकी वही असते, लिफ्टच्या देखभालीची नोंद करायची असते तशी. टोपी काढल्यावर लगेच त्यात काहीतरी लिहिलं. "लिहिलं नाही की गेलं," म्हणाले. डोक्यात जेल तसंच. पुसायला टॉवेल दिला, चहा दिला. चहा नियमावलीत नाही, पण थंड जेलनंतर म्हातारा माणूस तसाच कसा पाठवायचा. मीही अर्धा कप घेतला, सोबत म्हणून. त्यांना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

क्रमांक सात या शिवणकाम करणाऱ्या बाई खांबासमोर झोपतात. खांब त्यांच्या झोपेत सुंदर चढतो. आता याचं काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही.

अकरा आज चिडले होते. "बाई, ही लिफ्ट माझं ऐकत नाही. मी बटण दाबतोय, ती दुसऱ्याच मजल्याचं ऐकतेय."

"काका, नेट धरा. नव्याला वेळ लागतो."

"मला नका शिकवू लिफ्ट," म्हणाले. मग चहा घेताना सांगत बसले, की बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाशी आधी बोलायचं असतं, पान्याला हात नंतर. काय बोलायचं? काहीही. घरी कोण आहे, जेवलात का. "यंत्र काय, सुटतंच. माणूस घाबरून बसला की सुटत नाही."

मग मला विचारलं, "घरी कोण आहे?" मी म्हटलं, आई आहे, लांब असते. "आणि जेवलात का?" साडेअकरा वाजले होते. मी म्हटलं, हो. नव्हते.

बिचाऱ्याला घरी बोलायला कुणी नसावं. पाऊण तास बसले.

२ मार्च, रविवार

रविवारी लिहिण्यासारखं काही नसतं म्हणून लिहीत नाही, पण आज लिहिते. खोली झाडली. खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं भांडी घासता घासता भांडतं. आवाज येत नाही, पण आता मला विषय ओळखता येतात. अंडं उकडलं, पाव खाल्ला. शुक्रवारी संध्याकाळी चौकीदाराला "बरंय" म्हटलं, त्यानंतर आत्तापर्यंत मी एकही शब्द बोललेले नाही हे मघाशी लक्षात आलं. मोठ्याने "बरंय" म्हणून बघितलं. आवाज घोगरा आला.

आईला फोन करायचा होता. सांगायला काही साठलं की करीन.

३ मार्च, सोमवार

चार आठवड्यांची चाचणी. बारा शब्द वाचून दाखवायचे, अर्ध्या तासाने विचारायचे. अकरांना सुरुवातीला तीन आठवले होते. आज सात! बाकी कुणाची गाडी एका शब्दापलीकडे सरकलेली नाही.

सर खूश. एरवी ते उंटावरून शेळ्या हाकतात, आज खाली उतरून लॅबमध्ये आले. "हा तुझा हुकमी एक्का. असे चार निघाले की प्रबंध झाला." जुलैअखेर प्रबंध द्यायचा आहे, दोनदा मुदत वाढवून झाली, तिसरी नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण अगदीच कुणाच्या म्हशी कुणाला उठाबशी करत नव्हतो.

१७ मार्च, सोमवार

अकरा म्हणतात, त्यांची लिफ्ट आठव्या मिनिटाला थांबते. "खालून कुणीतरी बटण दाबतं बघा. ती दचकते, तळाला जाते, दार उघडत नाही, तशीच उभी राहते. मग कधीतरी वर निघते."

मी खांबाकडे बघत नाही. माझं लक्ष तारा सुटतात का यावर असतं. प्रयोगाच्या वहीत लिहिलं: 'सहभागीची कल्पनाशक्ती उत्तम.'

२० मार्च, गुरुवार

आज बघितलं. नीट लिहिते.

अकरांनी बोट वर धरलं होतं. बोट खाली आलं आणि त्याच्या मागोमाग खांब खाली आला. बोट वर, मग खांब वर. दर वेळी बोट आधी, खांब नंतर! मी घड्याळ लावून चौदा वेळा मोजलं, चौदाही वेळा तसंच. म्हणजे खांब कुठे न्यायचा हे ते आधी ठरवतात आणि मेंदू तिथे नेतो. म्हणजे यांना खरा खांब मिळतोय, आणि त्यांनी तो ताब्यात घेतलाय. असं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

सरांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले. "यावर वेगळं प्रकरण लिही." मला 'शाब्बास' म्हणाले. पाच वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा म्हणाले होते तेव्हा त्यांना वाटलं होतं मी दुसरीच कुणीतरी आहे.

अकरांना मात्र कौतुक नाही. म्हणाले, "बाई, पाठ झालीय हो. रोज त्याच वाटेनं जाणारी लिफ्ट, पाठ नाही होणार?" मी म्हटलं, काका, तुम्ही फार नम्र आहात.

येताना बेकरीत थांबले. बेकरीवालीला म्हटलं, आज माझा प्रयोग जमला. ती म्हणाली, "बॉक्स देऊ की पिशवी?"

२३ मार्च, रविवार

नवं प्रकरण लिहायला बसले. टोपी कधी तपासली ती तारीख हवी होती, प्रयोगाची वही लॅबमध्ये राहिली, म्हणून ही उघडली.

१६ जानेवारी. 'आठव्या मिनिटाला कोटाच्या खिशात फोन थरथरला. खांब धपकन तळाला.'

पुन्हा वाचलं.

त्यांनी काहीही ताब्यात घेतलेलं नाही. पाठच झालंय, त्यांनी सांगितलं होतं तसंच. त्यांना खोटा खांब मिळतोय, आणि तोही दर वेळी वेगळा नाही, एकच. यंत्रोबा चाचणीचं रेकॉर्डिंग काढायचं विसरला असणार. दोन महिने तो माणूस सोमवारी आणि गुरुवारी समोर बसून माझं डोकं बघतोय. विसरणारा माणूस, आणि त्याला मी पाठ झालेय.

नियम सरळ आहे. मला कळलं, म्हणजे अकरा प्रयोगातून बाद. आजच सरांना कळवायचं. सात शब्द गेले, प्रकरण गेलं, जुलै बहुतेक गेला. आणि त्यांचं येणं बंद.

उद्या कळवते.

२४ मार्च, सोमवार

कळवलं नाही. आधी खात्री करावी म्हटलं. त्यांच्या शेजारी बसून वीस मिनिटं खांब बघितला. आठवं मिनिट आलं. फोन थरथरलेला मला मांडीवर जाणवला.

मी विचारलं, "काका, ही लिफ्ट कशी आहे? म्हणजे, कारागीर म्हणून सांगा."

ते विचार करून म्हणाले, "मशीन चांगलं आहे. बिघाड काही नाही. पण रिकाम्या इमारतीतली वाटते. तिथं बोलावणारंच कुणी नसतं, म्हणून सोडलीय तिथं उभी राहते. एकदाच कुणीतरी बोलावलं, तर केवढी दचकली बघा."

मी उठून तारा तपासल्या. तारा ठीक होत्या. मग बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं. मला रडू येत होतं आणि त्याचा मला रागही येत होता.

२७ मार्च, गुरुवार

आजही नाही.

प्रबंधासाठी थांबलेय असं मी स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे, आणि इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. प्रबंधाची भीती आहेच, पण ती ओळखीची आहे. खरी गोष्ट अशी की सोमवार आणि गुरुवार गेले तर माझ्या आठवड्यात काय उरतं ते मला बघायचं नाही. चहा मी त्यांच्यासाठी करत नव्हते.

शिवाय त्यांचं काय होईल? घरी एकटे बसतील. इथे येऊन सावरलेत. असं म्हटलं की मला बरं वाटतं, म्हणजे यातही काहीतरी लबाडी असणार.

३१ मार्च, सोमवार

सांगितलं. सकाळी नऊला, टोपी कपाटातून काढायच्याही आधी.

सर बराच वेळ पेन उघडझाक करत राहिले. "तुला शंका आली. शंका म्हणजे कळणं नव्हे. कुणी विचारलंय का?"

"नाही, सर."

"मग?"

"ते माझंच डोकं आहे, सर. मी ओळखते."

यंत्रोबाला बोलावलं. त्याने यादी उघडली आणि पहिल्यांदाच त्याला यंत्राकडे बघून हसू आलं नाही. अकरावा क्रमांक खोट्या खांबाचा, सगळ्या दिवसांना एकच रेकॉर्डिंग, 'चाचणी १'. बाकी सगळे ठीक. तो जमिनीकडे बघून "चूक माझी" म्हणाला. मी म्हटलं, अर्धी माझी, डोकं माझं होतं.

सरांनी शेवटी अकरांना बाद करायच्या अर्जावर सही केली. जाता जाता वळून म्हणाले, "मग सात शब्द कुठून आले? तुम्ही दोघं गप्पा मारता का?"

"थोड्या."

"किती थोड्या?"

मी सांगितलं नाही. अकरांना निरोप गेला, आज येऊ नका, गुरुवारी लेकीला घेऊन या.

३ एप्रिल, गुरुवार

नियमाप्रमाणे समजावून सांगायचं आणि पत्र द्यायचं. लेक आली होती, पन्नाशीची, घाईतली. मी सगळं सांगितलं. खांब खोटा होता, इतरांना दर वेळी वेगळा मिळाला, तुम्हाला चुकून एकच, आणि तो माझा. क्षमा मागितली. आता तुम्हाला यायची गरज नाही, असंही म्हटलं.

मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी टोपीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "म्हणजे दोन महिने मी तुमच्या इमारतीत होतो."

"हो, काका."

"मग आठव्या मिनिटाला कोण बोलावत होतं?"

लेक म्हणाली, "बाबा, काय विचारता." पण मी सांगितलं. "आई. माझा वाढदिवस होता त्या दिवशी."

"उचलायचा होता."

"रेकॉर्डिंग बिघडलं असतं."

"बिघडलंच की," ते म्हणाले. मग वही काढून काहीतरी लिहिलं, तारीख दोनदा विचारून घेतली. मी सोळा जानेवारी सांगितली. त्यांनी शेवटच्या पानावर लिहिली.

लेकीने दाराशी हळूच सांगितलं, "एका अर्थी सुटले. गुरुवारी त्यांचा पत्त्यांचा अड्डा असतो, दोस्त फोन करकरून थकले. घरात आम्ही सात माणसं, नातवंडं डोक्यावर बसतात. तरी हे साडेनऊपासून बूट घालून तयार. का, ते विचारलं तर सांगत नाहीत."

मी म्हटलं, प्रयोगावर श्रद्धा असेल.

घरी येऊन आईला फोन केला. सांगायला काही साठलेलं नव्हतं, तरी केला. तिने घाबरून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, काही नाही, जेवलीस का? पस्तीस मिनिटं बोललो. कशावर, ते आता आठवत नाही.

७ एप्रिल, सोमवार

साडेदहा ते साडेअकरा मोकळा वेळ. आकडे पुन्हा मांडले. अकरांशिवाय काहीच दिसत नाही, ना वर ना खाली. सर म्हणाले, "काही दिसलं नाही हेही लिहिता येतं. खरं लिही." आवाज मऊ होता.

चहा केला नाही.

१० एप्रिल, गुरुवार

साडेदहाला दार वाजलं. अकरा दारात, बूट चकचकीत. "उशीर नाही ना झाला?"

विसरले. गेल्या गुरुवारचं सगळं, पत्र, लेक, सगळं पुसलं गेलं. सातचे पुन्हा तीन झाले. तुमचं येणं बंद, हे त्या माणसाला दर गुरुवारी नव्याने सांगायचं की काय? आज तरी धीर झाला नाही. म्हटलं, "या काका, बसा. आज टोपी धुवायला टाकलीय."

"बरं झालं. डोकं थंड पडतं तिच्यानं." खुर्चीत बसले, वही टेबलावर ठेवली. आईचा फोन येतो का म्हणून विचारलं. मी सहज म्हटलं, रविवारी तिनेच केला होता. ते "हां" म्हणाले आणि हात धुवायला बाहेर गेले. दाराच्या वाऱ्याने वहीची पानं उलटली.

वाचायला नको होती. कुणी माझी ही वही वाचली तर मी जीव देईन. तरी वाचली.

देखभालीच्या नोंदीसारखं ठाशीव अक्षर, प्रत्येक दिवसाला एकदोन ओळी.

३ फेब्रुवारी. टोपीवाल्या बाई. चहा बरा. खोलीत दुसरं कुणी नाही.
१३ फेब्रुवारी. बाई जेवल्या म्हणतात, जेवलेल्या नाहीत. पुढच्या वेळी जास्त बसणे.
२० मार्च. बाई आज हसल्या. कशाला ते कळलं नाही. चालेल.

पानं उलटत शेवटच्या पानावर गेले. तिथे वर्षाकाठी करायच्या कामांची यादी होती. चष्मा तपासणे. पाण्याची टाकी धुणे. सगळ्यात खाली, नवी शाई: १६ जानेवारी, बाईंचा वाढदिवस. फोन करणे. उचलला नाही तर परत करणे.

त्यानंतर आजचं पान शोधलं. सकाळीच लिहिलेलं असणार.

१० एप्रिल, गुरुवार, साडेदहा. टोपी बंद झाली आहे. बाई सांगतील येऊ नका. तरी जाणे. त्यांना कुणी नाही.

बाहेर नळ बंद झाल्याचा आवाज आला. मी वही होती तशी ठेवली आणि चहाचं पाणी चढवलं, दोन पूर्ण कपांचं.